एक काठी, चिमूटभर शिसं आणि कुणाची तरी गाडी

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
मे महिन्यातला एक रविवार, दुपारचा चहा झाल्यावर

प्रिय शैलेंद्रभाऊजी,

सरलावहिनीचे अनेक आशीर्वाद. (माझ्या यजमानांचे तुम्ही धाकटे भाऊ, म्हणून आशीर्वाद. पण पाटबंधारे खात्यातल्या ज्या खुर्चीवरून तुम्ही निवृत्त झालात तेवढी मोठी खुर्ची आमच्या माहेरी कुणी पाहिलीसुद्धा नव्हती, म्हणून सोबत एक नमस्कारही पाठवते आहे. दोन्हींतलं जे अंगाला बसेल ते ठेवून घ्या.) इकडे आम्ही सगळे खुशाल. आमच्या नकुलचं वजन वाढलं आहे, सूनबाई प्रीताचं कमी झालं आहे, म्हणजे घरातलं एकूण तेवढंच आहे. तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर समोरून येणारे दिवे फुटल्यासारखे दिसायचे, ते थांबलं का? मान दोन्हीकडे नीट वळते ना? कंबर एका जागी किती वेळ बसू देते? नागपूरचा उन्हाळा कसा आहे ते मी विचारत नाही, कारण त्यावर तुम्ही न विचारताच दोन पानं लिहाल.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘वहिनी, तुम्ही तिकडे मासे पकडायचा क्लास काढलाय म्हणे,’ आणि त्यानंतर जे हसलात ते फोन कट होईपर्यंत हसतच होतात. तेव्हा सगळं एकदा नीट लिहूनच कळवावं असं ठरवलं. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं, पण तिथे तुम्ही मी लिहिलेलं न वाचता त्याला फूल पाठवता.

तुमच्या घरात मासा म्हणजे पंचांगातला, तोही राशीच्या रकान्यात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी माहेरची दाभोळच्या खाडीकाठची, हे लग्नानंतर सगळेच सोयीने विसरले. खाडीवर आम्ही पोरी गरवायला जायचो. गरवायचं म्हणजे दोऱ्याला गळ बांधायचा, गळाला कोलंबी लावायची, खाली लिंबाएवढं शिसं अडकवायचं, आणि दोरा पाण्यात टाकून मासा लागेपर्यंत गप्पा मारत बसायचं. मग नागपूरला तुमच्या घरी आले आणि चाळीसेक वर्षं फक्त गप्पाच मारल्या. (तुमच्या दादांनी एकदा दौऱ्यावरून येताना माझ्यासाठी सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, आणले होते, कागदपत्रांच्या फायलीत लपवून. ती फाईल पुढे ऑफिसात तीन टेबलं फिरली आणि तिच्यावरचा निर्णय, म्हणे, कधी नव्हे इतका झटपट लागला. माणूस भला होता.)

इथे आल्यावर एकदा नकुल आम्हाला रॅरिटन नदीच्या वरच्या अंगाला सहलीला घेऊन गेला. वसंतात सरकार त्या नदीत ट्राउट नावाचे मासे टँकरने आणून सोडतं आणि लोक ते पकडतात. (आधी सोडायचे कशाला आणि मग पकडायचे कशाला, हे विचारू नका. तुम्ही पाटबंधारे खात्यात होतात, तुम्हाला हे कळायला हवं.) तिथे एक म्हातारा अमेरिकन पाण्याकाठी उभा होता. मी त्याच्याकडे इतका वेळ टक लावून पाहिलं की शेवटी संकोचून त्याने आपली जादा काठी माझ्या हातात दिली. बाकीचं मी पाहून, चुकून आणि ओलं होऊन शिकले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला इथे परवाना लागत नाही. म्हातारपणाचा एवढा उघड फायदा मला दुसरा कुठे सापडलेला नाही.

तर हा प्रकार आमच्या खाडीपेक्षा अगदी उलटा. ट्राउट आळशी आणि मानी. तो वाहत्या पाण्यात एका दगडाआड प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि पाणी जे वाहून आणेल ते खातो. एका जागी पडून राहिलेल्या घासाकडे तो बघतही नाही. म्हणून आपला घास पाण्याबरोबर सोडायचा आणि पाण्याच्याच चालीने जाऊ द्यायचा. वरातीत आपण चालतो तसं. पुढे पळायचं नाही, मागे रेंगाळायचं नाही, बँड थांबला तर थांबायचं. शिसं फक्त एवढंच हवं की घास तळाशी उतरेल आणि दगडांना टिचक्या मारत पुढे सरकेल. शिसं जास्त झालं की वरात रस्त्यातच बसली. कमी झालं की घास वरून तरंगत समुद्राकडे निघाला. भाजीतल्या मिठासारखं आहे हे. आधी कमी घालायचं, मग चिमटीने वाढवायचं.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे गाडी. भाऊजी, या देशात पाय असून माणूस पांगळा. नदी घरापासून पाऊण तासावर, पण बस नाही आणि चालायला कडेला जागाही नाही. टॅक्सी मिळते, पण ती फक्त जायला. तिथल्या खोऱ्यात माझ्या आणि प्रीताच्या फोनला रेंज नाही (नकुलच्या ऑफिसच्या फोनला असते), त्यामुळे परतीची टॅक्सी बोलवायची तर आधी डोंगर चढायचा. नकुल नेतो, पण गाडीतून उतरत नाही. गाडीत त्याची मीटिंग चालू असते, आणि मी पाण्यात गळ टाकेपर्यंत मागून हॉर्न वाजतो. मी स्वतः गाडी शिकायचा प्रयत्न केला. लेखी परीक्षा पास झाले. पण मग एका चौकात बदकिणीला पिल्लांसह रस्ता ओलांडू देण्यासाठी मी थांबले, आणि ती ओलांडून गेल्यावर तिचं आणखी एखादं मागे राहिलं असेल म्हणून थांबूनच राहिले. त्या दिवसापासून नकुल रक्तदाबाची गोळी घेतो आणि माझ्या गाडी शिकण्याचा विषय घरात कुणी काढत नाही.

म्हणून क्लास. इथल्या मराठी मंडळात मी सांगते की नव्या पिढीला निसर्गाची गोडी लागावी म्हणून. तुम्हाला खरं सांगते: नव्या पिढीकडे गाड्या आहेत.

तीन शिष्य मिळाले. परीक्षित पुण्याचा, कॉम्प्युटरमध्ये. टूथब्रशसुद्धा चारशे लोकांचं मत वाचून घेणारा. हिमानी तुमच्या नागपूरची, धरमपेठेतली. मंडळात कुठल्याही कार्यक्रमाचं जेवण तिच्या हाताखालून जातं. तिसरा अनय, इथेच जन्मलेला, लोकांचे गुडघे-खांदे व्यायामाने बरे करतो. त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. तिघंही लाख मोलाची मुलं, आणि प्रत्येकाची वेगळी गाडी. म्हणजे एक नाही तर दुसरी. मी तर मनातल्या मनात नोव्हेंबरपर्यंतचे शनिवार वाटूनसुद्धा टाकले होते.

पण मला एक पक्कं माहीत होतं. नवशिका कंटाळला की घरी जातो, आणि घरी जाताना गाडी घेऊन जातो. त्यांचा दोरा गुंतला, गाठ सुटली, पहिल्या दोन तासांत काहीच हलेना, की माझा शनिवार संपला आणि बहुधा पुढचे सगळेच. म्हणून सामान असं हवं की त्यात बिघडण्यासारखं काही नसावं. एवढं माहीत असूनही मी पहिल्याच पायरीला घसरले.

झालं असं, की हिमानी म्हणाली, ‘काकू, तुम्ही एकट्या कशाला करताय सगळं? मी साइन-अप शीट बनवते.’ मला वाटलं मुलगी मदत करते आहे. भाऊजी, इथे मराठी माणसं जमली की जेवण पॉटलक पद्धतीने होतं. एकाने भात, एकाने भाजी, एकाने गोड आणायचं. ते ठीक आहे, कारण कुणाचाही भात कुणाच्याही वरणाला चालतो. पण हिमानीने त्याच पद्धतीने गळाचं सामान वाटून टाकलं. परीक्षितकडे काठ्या. अनयकडे दोरा आणि तो गुंडाळायची रिळं. हिमानीकडे गळ आणि शिसं. माझ्याकडे आमिष. (हिमानीने सवयीने स्वतःच्या नावापुढे पेपर प्लेट्सही लिहिल्या होत्या, आणि त्या दिवशी ज्याचा खरोखर उपयोग झाला असं सामान तेवढंच होतं.)

शनिवारी सकाळी परीक्षितची गाडी दारात आली ती खिडकीतून दोन्हीकडे शिंगं काढून. त्याने सर्वांत जास्त तारे मिळालेल्या काठ्या घेतल्या होत्या, आणि त्या होत्या समुद्रकिनाऱ्यावरून लाटांपलीकडे गळ फेकायच्या. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी केली तर जेवढी उंची होईल तेवढ्या. टोकाला हिमानीची ओढणी बांधली, आणि आम्ही हायवेने वरात निघाल्यासारखे गेलो. अनयची रिळं त्याच्या उलट. बर्फाला भोक पाडून मासे पकडतात त्यांची, शिवणयंत्राच्या बॉबिनएवढी. त्यावर त्याने जो दोरा चढवला होता त्याने गाडी ओढता आली असती. मी विचारलं, एवढा जाड कशाला रे? तर म्हणाला, ‘काकू, सेफ्टी. धिस होल्ड्स अ शार्क.’ हिमानीचे गळ दिसायला देखणे, पण एकेकाला शर्ट अडकवून ठेवता आला असता. आणि तिचं शिसं लिंबाएवढं.

तिथेच मी नाही म्हणायला हवं होतं. पण ते शिसं हातात घेतलं आणि भाऊजी, काय सांगू, थेट दाभोळच. तेच वजन, तोच थंडपणा. इतक्या वर्षांनी हात सुखावला, आणि जे मला नीट माहीत होतं ते मी हाताच्या सुखासाठी बाजूला ठेवलं. म्हटलं, चालेल की.

नाही चाललं. परीक्षितने फेकलं ते नदी ओलांडून पलीकडच्या झाडावर. अनयचं पाण्यात पडलं, धप्प करून तळाशी बसलं, आणि अजूनही तिथेच असावं. हिमानीच्या गळाला सगळ्यांत आधी काहीतरी लागलं, ते परीक्षितचं जॅकेट होतं. आमिषाची जबाबदारी माझी, म्हणून मी थालीपिठाच्या भाजणीत लसूण आणि हिंग घालून गोळ्या वळून नेल्या होत्या. इथल्या दुकानात लसणाच्या वासाचं तयार आमिष मिळतं, मग घरचं काय वाईट? वास फर्मास होता, पण गोळ्या पाण्यात पडल्या की विरघळायच्या. त्या वासावर वरच्या अंगाने जी काही राजहंसांसारखी मोठाली बदकं आली, ती हिमानीने ‘सो क्यूट’ म्हणेपर्यंत क्यूट होती. त्यानंतर त्यांनी तिला गाडीपर्यंत पोचवलं.

दहा वाजायच्या आत परीक्षितला आठवलं की किराणा आणायचा आहे. ‘काकू, निघायचं का आपण?’ हे विचारण्यासारखं बोललेलं होतं, पण विचारलेलं नव्हतं. परतीच्या वाटेवर हिमानी म्हणाली की पुढच्या शनिवारी पिकलबॉल खेळायला जाऊ या का, ते इनडोअर असतं. अनय मागे वळून मला फार गोड आवाजात म्हणाला, ‘काकू, मेबी नेक्स्ट इयर.’ गाडीत भाजणीचा वास भरला होता. माझे नोव्हेंबरपर्यंतचे सगळे शनिवार मागच्या काचेतून लहान लहान होत गेलेले मला दिसले.

घरी आल्यावर मी प्रीताला म्हटलं, मला जरा गळाच्या दुकानात सोड. तिने सोडलं, पण स्वतः गाडीतच पुस्तक वाचत बसली. (तुमची ही सूनबाई हुशार, प्रेमळ, सगळं आहे. पण मी ‘अगं, हे बघ’ म्हटलं की तिला फोन येतो. पोळीच्या बाबतीत तसंच झालं, लोणच्याच्या बाबतीत तसंच, गळाची गाठ तर मी तिला दाखवलीच नाही, कारण माझे हात नुसते वर आले की तिची मीटिंग सुरू होते.)

गळाचं दुकान म्हणजे बांगड्यांचं दुकान असावं तसं. भिंतभर चमकणारं काहीतरी लटकवलेलं. दुकानदारीण बाई माझ्याहून लठ्ठ आणि मनाने चांगली, पण तिने मला आधी बारा खिशांचं जाकीट दाखवलं. म्हटलं, बाई, एका खिशातल्या किल्ल्या मला सापडत नाहीत. मग मी मला हवं तेच मागितलं. काठी माझ्या उंचीपेक्षा हातभर जास्त, हलकी, आणि टोक एवढं मऊ की माशाने नुसतं हुंगलं तरी ते मान डोलावेल. रीळ झाकलेलं, मागे अंगठ्याने दाबायचं एक बटण असलेलं. दाबलं की दोरा सुटतो, हँडल फिरवलं की थांबतो, आत काय चाललंय ते शिकणाऱ्याला दिसतच नाही, त्यामुळे त्याला त्यात हात घालता येत नाही. दोरा केसापेक्षा थोडा जाड. गळ मोड आलेल्या मेथीएवढा. आणि शिसं म्हणजे साबुदाण्याएवढे चिरा पाडलेले मणी, जे पकडीने दोऱ्यावर दाबून बसवायचे. आमिष गांडुळं. बस. ना तरंगणारा फुगा, ना रंगीत पिसं. चार काठ्या, चारही सारख्या, म्हणजे कुणी कुणाकडे बघून हळहळणार नाही.

मी फोटो पाठवल्यावर परीक्षितचा लगेच फोन.

‘काकू, हे बटणाचं रीळ आहे ना, ते लहान मुलांसाठी असतं. रिव्ह्यू वाचा ना.’

‘बरं. तू किती वर्षांचा अनुभवी आहेस?’

‘नाही, म्हणजे, आपण सुरुवातच करतोय.’

‘मग तू लहान मूलच. आणि मला तारे नको सांगूस रे, मला शनिवार हवाय.’

तो एवढा घाबरला की हो म्हणाला. बाकीच्या दोघांना मी साबुदाणा वड्यांचं आमिष दाखवलं. (हे मात्र कधीही विरघळत नाही.) पुढच्या शनिवारच्या आदल्या दिवशी घरामागच्या लाकडी डेकवर बसून मी चारही काठ्यांच्या गाठी घरीच मारून ठेवल्या, गळ अडकवले, प्रत्येकाला एकेक मणी लावला, आणि जास्तीचे मणी औषधाच्या डबीत भरले. नदीवर कुणी काही बांधायचंच नाही, नुसतं पाण्यात सोडायचं. गाठी शिकवायला पुढे आयुष्य पडलं आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

त्या शनिवारी काय झालं ते सांगते. पाण्याच्या वरच्या बाजूला तिरकं टाकायला लावलं. काठीचं टोक वर, दोरा सैल नाही आणि ताठही नाही, आणि घास पुढे जाईल तशी काठी त्याच्याबरोबर वळवायची. अनयचा हात मऊ, रोज लोकांच्या दुखऱ्या सांध्यांना लागलेला. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘काकू, समथिंग इज नॉकिंग.’

‘तो तुझा मणी. दगडांवर टकटक करतोय. करू दे.’

‘ओके. नॉकिंग. स्टिल नॉकिंग. काकू, इट स्टॉप्ड.’

‘मग उचल की काठी. तोच मासा.’

त्याने उचलली आणि काठी कमान झाली. भाऊजी, तो पोरगा एरवी रोग्यांना एक, दोन, तीन मोजायला सांगतो, तो मराठीत ‘आई गं’ म्हणाला. मासा काठावर आला. अंगावर ठिपके, बाजूला गुलाबी पट्टा, एखाद्या नारायणपेठी काठासारखा. परीक्षितच्या दोऱ्यावर आम्ही आणखी दोन मणी वाढवले, तेव्हा कुठे त्याचा घास तळाला लागला. पहिला मासा त्याने ओढून घालवला, दुसरा त्याने हळू आणला, आणि त्यानंतर तो पाण्यावरून नजर काढेना. हिमानीने धरमपेठेत आईशी फोनवर बोलता बोलता दोन पकडले. ‘आई, थांब गं, मासा आलाय, हो हो, तू बोल, मी ऐकतेय.’ किराण्याचं नाव कुणी काढलं नाही. वडे उभ्याने खाल्ले. सूर्य टेकडीमागे गेला तरी तिघंही हलेनात, तेव्हा शेवटी गुडघ्यांपुढे हार मानून मलाच म्हणावं लागलं की मुलांनो, आता निघू या.

त्या रात्री मी डेकवर तिरफळं घालून मासे केले (घरात केले की धुराचा भोंगा वाजतो) आणि समाधानाने झोपले. मला वाटलं, गाड्यांची सोय झाली.

आता ऐका. पुढच्या शनिवारी मी टोपी घालून दारात बसले, तर हिमानीचा फोटो आला. नदीवरून. ती ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर अंधार असतानाच पोचली होती. ‘काकू, एवढ्या पहाटे तुम्हाला कशाला उठवायचं, म्हटलं झोपू दे.’ परीक्षितला फोन केला तर कळलं की गांडूळ ही सुरुवात असते, असं त्याने वाचलं आहे. तो आता आमिष म्हणून खऱ्या पिसांच्या खोट्या माश्या बांधायच्या कोर्सला जातो, आणि ती माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात, तिथे माझ्या वयाला बंदी नाही पण चौकशी होते. अनयने छोटी होडी घेतली. ती गाडीत मावावी म्हणून त्याने मागची सगळी सीट पाडली आहे आणि पुढच्या सीटवर होडीचं नाक येतं. ‘काकू, नेक्स्ट टाइम फॉर शुअर,’ म्हणतो. तिघंही दर शनिवारी सकाळी मला आपापल्या माशाचा फोटो पाठवतात. खाली लिहितात, ‘सगळं तुमच्यामुळे.’ मी अंगठा पाठवते.

क्लास बिघडला असता तर गाडी गेली असती, हे मला आधीच दिसत होतं. क्लास चांगला झाला तरी ती जाते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सामान थोडं अवघड घेतलं असतं, एखादी गाठ फक्त मलाच येते असं ठेवलं असतं, तर आज मी नदीवर असते. पण ते जमत नाही हो. कुणाचा दोरा गुंतलेला दिसला की माझे हात आपोआप पुढे जातात.

असो. चौथी काठी माझ्या खोलीच्या कोपऱ्यात उभी आहे, आणि मी तिच्याशेजारी बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही तब्येतीला जपा, उन्हात छत्री घेऊन जा. तुमच्या लेकीशी, दीपाशी, बोलणं झालं तर माझी आठवण सांगा. सर्वांना यथायोग्य.

तुमची,
सरलावहिनी

ता. क. मुख्य लिहायचं राहिलंच. तुम्ही सप्टेंबरात कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला दीपाकडे सहा महिन्यांसाठी येणार आहात. तिथे सगळे दिवसभर ऑफिसात असतात आणि तुम्ही कंटाळाल. तेव्हा ऑक्टोबरात आमच्याकडे या. ऑक्टोबरात सरकार नदीत पुन्हा मासे सोडतं. निघण्यापूर्वी आरटीओत जाऊन आंतरराष्ट्रीय परवाना तेवढा काढून आणा, नकुलची जुनी गाडी दारात उभीच आहे. तुमच्या गाडीमागे सायकलवाले घंटी वाजवतात म्हणून पुतणे हसतात, त्यांना हसू द्या. मला तर वाटतं, ज्याला जायची घाई नाही त्याला परत यायचीही नसते. शिवाय तुम्ही मासा खात नाही, धरत नाही, त्याचं नाव निघालं तर आचमन करता, म्हणजे तुम्ही माझ्याकडून काही शिकून निघून जाण्याची भीती नाही. असा माणूस अख्ख्या न्यू जर्सीत सापडणार नाही. तुम्ही घडीच्या खुर्चीवर बसून शब्दकोडं सोडवायचं. पोहे मी देईन.

ता. क. (गुरुवार) टपालाची तिकिटं आणायला नकुलला वेळ मिळाला नाही म्हणून पत्र अजून घरातच आहे. प्रीताने विचारलं, आई, एवढं काय लिहिलंय, म्हणून मी तिला सबंध वाचून दाखवलं. (तिच्याबद्दलचं कंसातलं जरा भरभर वाचलं.) सगळं ऐकून ती म्हणाली, ‘आई, मी नेलं असतं की. शनिवारी मी मोकळीच असते.’ मी म्हटलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? तर म्हणते, ‘तुम्ही शिकवाल म्हणून. आठवडाभर ऑफिसात सगळे मला काहीतरी शिकवतात. एक दिवस मला कुणी काही शिकवू नये.’ मला आधी राग आला, मग हसू आलं, मग दोघींनी चहा घेतला. आता ठरलं आहे. ती मला नेईल, काठावर बसून पुस्तक वाचेल, आणि मी तिला एक अक्षर सांगणार नाही. तेव्हा भाऊजी, परवान्याचे हेलपाटे घालू नका. ऑक्टोबरात नुसते पाहुणे म्हणून या.

ता. क. (रविवार, सकाळ) काल गेलो. मी शब्द पाळला, दिवसभर तोंडात लवंग धरून बसले. दुपारी माझ्या पायात गोळा आला, तेव्हा दोन मिनिटं काठी धर एवढंच म्हटलं. ती कायद्याची एवढी पक्की की आधी टेकडी चढून गेली, फोनवर मासेमारीचा परवाना काढला आणि मगच काठी हातात घेतली. मी काही सांगितलं नाही, देवाशपथ. टकटक थांबली, तिची तिनेच काठी उचलली, आणि कोपरापासून बोटांपर्यंत लांब मासा काठावर आणला. मग पुस्तक पिशवीत टाकलं.

आज लवकर जाग आली. चहा ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं तर प्रीताची गाडी जागेवर नाही. कोपऱ्यातली काठीही नाही. नकुल झोपेतच म्हणाला, प्रीता योगाला गेली असेल. योगाला कुणी फ्रिजमधला गांडुळांचा डबा नेत नाही.

तेव्हा भाऊजी, गाडीच्या परवान्याचं उद्याच बघा. आणि नदीवर आल्यावर दोन्ही हात कोटाच्या खिशात ठेवायची आतापासूनच सवय करा.